मदत हवी आहे: आंबेर्ग १९११ गेवेअर ९८, बोल्टचा नंबर वेगळा

नमस्कार मंडळी. टेक्ससमधल्या एका लिलावात गेवेअर ९८ ही जुनी जर्मन लष्करी रायफल घेतली. रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य धातूच्या भागावर) मुकुट, त्याखाली आंबेर्ग आणि १९११. म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या सरकारी कारखान्यातली. शिवाय '१९२०' असा वेगळा छाप आहे. तो पहिल्या महायुद्धानंतर सरकारी ताब्यात राहिलेल्या शस्त्रांवर मारत, एवढं माहीत आहे.

लाकडी दस्त्यावरच्या चकतीवर 'बी. १२. आर. ६. १०५.' आहे. मी ते बव्हेरियाची १२वी इन्फंट्री रेजिमेंट, ६वी कंपनी, १०५ नंबरची रायफल असं वाचलं. इतक्या जुन्या रायफलीवर तुकडीची खूण शाबूत आहे याचा फार आनंद झाला!

रिसीव्हर, नळी आणि दस्ता यांचे नंबर जुळतात, नंबरच्या शेवटी जोडलेलं अक्षरही तेच. बोल्टचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा) मात्र वेगळा, आणि त्याच्या छोट्या भागांवरचे शेवटचे दोन आकडे बोल्टशी जुळतात. म्हणजे अख्खा बोल्टच दुसऱ्या रायफलीचा. बोल्टच्या दांड्यावर मुकुटाखाली जर्मन वळणाची अक्षरं आहेत, ती रिसीव्हरच्या उजव्या बाजूच्या अक्षरांहून वेगळी दिसतात.

भिंगातून पाहिलं, तिरप्या उजेडात फोटो काढले, कागदावर पेन्सिलीने ठसाही घेतला. घासणं, पॉलिश किंवा नळी सोडवणं करणार नाही. रायफल चालवायचीही नाही, फक्त नोंद नीट ठेवायची आहे.

त्या मुकुटाखालच्या अक्षरांवरून बोल्ट कोणत्या कारखान्याचा ते ओळखता येतं का? आणि बोल्टचा बदल १९२० च्या आधी लष्करातच झाला की नंतर कुणा विक्रेत्याकडे, हे ठरवायला आणखी कोणती खूण शोधू?