लाइन थांबवायचा दोर दिला, पण ओढणार कोण?

शॉपफ्लोअर_मामा (धागाकर्ता)
परवा कंपनीत 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'चं, म्हणजे कामगाराचं मन कामात रमवायचं, शिबिर झालं. रंगीत चिठ्ठ्या, टाळ्या, फोटो. त्यापेक्षा टोयोटाच्या कारखान्यातला अँडन दोर लाख पटीने बरा. चूक दिसली की असेंब्ली लाइनवरचा कोणीही तो ओढतो, टीम लीडर धावत येतो, तेवढ्यात निस्तरलं नाही तर लाइन थांबते. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा फ्रीमाँट कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, १९८२मध्ये बंद पडला. १९८४मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नुमी' म्हणून उघडला. कामगार बहुतेक जुनेच, पण गाड्या जपानच्या तोडीच्या निघू लागल्या. अधिकार द्या, समाधान मागून येतं.

चाकण_सेकंड_शिफ्ट
मामा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. नुमीत युनियनशी करार होता: कंपनी अगदी गाळात गेल्याशिवाय कपात नाही. पुढे खप घटला तेव्हा माणसं घरी न पाठवता ट्रेनिंगला बसवली. म्हणून दोर ओढायची छाती झाली. आमच्याकडे निम्मी पोरं ठेकेदाराची, सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. त्यातला कोण लाइन थांबवेल? संध्याकाळीच फोन येईल, उद्यापासून येऊ नको.

काउंटर_नं_३
नोकरी पक्की झाली की सगळं मिळतं, असं असतं तर आमची बँकेची शाखा स्वर्गच म्हणायची! कोणी काढत नाही, खरंय. पण ग्राहकाचं साधं काम स्वतःच्या जबाबदारीवर करायची मुभा नाही, आणि विमा विकायचं टार्गेट वरून येतं. नाही म्हणालात तर बदली.

शॉपफ्लोअर_मामा
हेच तर म्हणतोय! पक्केपणा आहे, अधिकार नाही, म्हणून तुम्ही कुढताय.

गिरगावची_सून
दोन्हीपेक्षा मालकी द्या की. लिज्जत पापड १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. आजही तिथे पापड लाटणारी भगिनी नोकर नाही, सभासद-मालक आहे.

चाकण_सेकंड_शिफ्ट
ताई, मान आहेच. पण मालकीण झाली तरी रोजची मजुरी जेवढे पापड लाटले तेवढीच ना? शिवाय पापडाला पोळपाट-लाटणं पुरतं, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपला कोट्यवधींची मशिनं लागतात. ते भांडवल पोरं कुठून आणणार?

गिरगावची_सून
भांडवल नसेल, पण नफ्यात वाटा मागता येतो. तुमची युनियन मागते का, ठेकेदाराच्या पोरांसाठी?

चाकण_सेकंड_शिफ्ट
नाही मागत. सभासद फक्त पर्मनंट.