खोगिरावर पांढरी बुरशी आलीये, तेल लावू की उन्हात ठेवू?

मोकळालगाम:
नमस्कार मंडळी. घोडा पाय दुखावल्यामुळे बरेच दिवस विश्रांतीवर होता म्हणून चामड्याचं खोगीर बंद खोलीत प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेलं, आज काढलं तर फ्लॅपवर (बाजूला लोंबणाऱ्या चामड्यावर) आणि खालच्या गादीवर पांढरट थर आलाय आणि कुबट वास मारतोय. लगामाचे पट्टे पण कडक झालेत. एक जण म्हणतो भरपूर तेल चोपड, दुसरा म्हणतो दिवसभर कडक उन्हात ठेव. चामडं मुळात चांगलंय हो, हातचं घालवायचं नाहीये. काय करू?

पागेवरचा:
दोन्ही नको! कडक उन्हात चामड्यातली स्निग्धता जाते आणि तडे पडतात, हीटरजवळ ठेवलं तरी तेच. आधी खोगीर बाहेर मोकळ्या हवेत आणा, तोंडाला मास्क लावा आणि कोरड्या फडक्याने बुरशी पुसा, ते फडकं टाकूनच द्या कारण त्याच फडक्याने बाकीचं सामान पुसलं तर तिकडे पण धरणार. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडकं नुसतं ओलसर करायचं, आधी आतल्या न दिसणाऱ्या जागी लावून रंग उतरत नाही ना ते बघा, मग सगळीकडे पुसा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. पूर्ण वाळल्यावर सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा खास साबण. बकलं सगळी सोडा, पट्टा बकलात जिथे दुमडतो तिथे घाम आणि मळ मिळून काळा चिकट थर बसतो, चामडं पहिलं तिथेच मरतं. तो थर ओल्या फडक्याने हळूहळू काढा, नखाने खरवडू नका.

चामडंवेडी:
पांढरं दिसलं की बुरशीच असं नसतं बरं का. कधी चामड्यातलं मेण किंवा चरबी वर येते, तिच्यावर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून मारली की विरघळून दिसेनाशी होते, बुरशी तशी जात नाही. तुमच्याकडे कुबट वास येतोय म्हणजे बुरशीच आहे.

मोकळालगाम:
खूप आभार दोघांचे. मग तेल अजिबातच नको का? पट्टे खरंच लाकडासारखे झालेत.

पागेवरचा:
लावा, पण साफ करून झाल्यावर आणि पातळ हात. खरखरीत बाजूने चामडं पटकन पितं, एक हात मुरू द्या, दुसऱ्या दिवशी वाकवून बघा, मगच दुसरा. भसाभसा तेल पाजलं की चामडं ढिलं पडतं, पट्टे ताणले जातात, भोकं लांबट होतात, आणि गादीला लावलं तर आत लोकरीपर्यंत झिरपतं. प्लास्टिकचं कव्हर कायमचं काढा, त्यात दमटपणा कोंडतो, साधं सुती कापड घाला. आणि खोगीर भिंतीला टेकवून नको, स्टँडवर ठेवा म्हणजे खालून पण हवा लागते.

टापांचाआवाज:
चमक नंतर बघा, आधी शिवण बघा, कळकळीने सांगतेय. तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) अडकवायचे पट्टे आणि रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे, तुमचा जीव यांच्यावर असतो. प्रत्येक पट्टा दुमडून उजेडात धरा, बारीक चिरा दिसल्या तर तो पट्टा बदलायचाच, तेलाने चीर बुजत नाही. टाके बोटाने ओढून बघा, बुरशीच्या दमटपणात दोरा पण कुजतो. रिकिबीचे पट्टे अधूनमधून डावीउजवी बदलत जा, आपण डावीकडून चढतो त्यामुळे डावा पट्टा लांब होतो आणि बसणं तिरकं होतं.
अजून एक, घोडा इतके दिवस उभा आहे म्हणजे पाठीचे स्नायू उतरले असणार, तेच खोगीर आता तसंच बसेल असं धरून चालू नका. तंग न कसता, खाली कापड न घालता नुसतं पाठीवर ठेवा, मणक्यावर पुढून मागेपर्यंत आरपार उजेड दिसतोय का बघा, आणि गादी दोन्ही बाजूंना सारखी टेकतेय का हात घालून चाचपा. कुठे दाब वाटला तर खोगीर बसवणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय चढू नका.