मुदतवाढीत २४ हजार गेले, मुद्दल जिथल्या तिथे. आता आणखी भरायचं का?

अंबडचा टर्नर
ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार लटकवला. घरभाडं आणि पोरीची फी एकाच आठवड्यात आली, म्हणून मोबाईलवरून ३० दिवसांचं २० हजारांचं कर्ज घेतलं. खात्यात आले १६,८००. बाकीचे ३,२०० प्रोसेसिंग फी आणि जीएसटी म्हणून आधीच कापले. व्याज रोज एक टक्का, म्हणजे महिन्याने २६ हजार द्यायचे. पगाराचा पत्ता नाही तर कुठून देणार? ॲपमध्ये ‘मुदतवाढ’ असं बटण आहे. ६ हजार भरले की आणखी ३० दिवस मिळतात. ते चार वेळा दाबलं. हातात आले १६,८००, भरून झाले २४,००० आणि स्क्रीनवर आकडा अजून २६ हजारच.

माझं मत असं की आता मी कुणाचं काही लागत नाही. आजोबा दामदुपटीचं सांगायचे, व्याज मुद्दलाच्या वर गेलं की सावकाराने गप्प बसायचं. इथे तर मुद्दल ओलांडून झालं. पाचव्यांदा बटण दाबणार नाही. पटत नसेल त्यांनी बोला, फक्त “घेतलंसच कशाला” हे सोडून. ते मी स्वतःला रोज विचारतो.

नाशिकरोडचे काका
पगारदार पतसंस्थेत ३१ वर्षं काढली, म्हणून कडू बोलतो. चार वेळा तू कर्ज फेडलेलं नाहीस, चार वेळा भाडं भरलंस. मुद्दलातला रुपया परत गेला नाही, मग “लागत नाही” कसं? अटी जाचक होत्या हे मान्य, पण त्या वाचून अंगठा तूच टेकवलास.

आमच्याकडे असं म्हणणारे बरेच यायचे. त्यांनी हात वर केले की जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू व्हायची. जामीनदार म्हणजे शेजारच्या मशीनवरचाच माणूस. ॲपला जामीनदार नाही, समोर चेहरा नाही, म्हणून बुडवायला सोपं वाटतं इतकंच.

आणि दामदुपटीचा अर्थ तू उलटा लावलास. एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, असा तो नियम. तू दर महिन्याला व्याज चुकतं करत गेलास. थकलंच नाही, तर दामदुपट लागणार कशाला?

दिंडोरीचा बागाईतदार
म्हणजे वेळेवर भरणाराच मूर्ख ठरला. वा काका!

अंगठ्याचं म्हणाल, तर १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या वह्यांवरही अंगठे होतेच की. पुढे १८७९ ला इंग्रजाने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि कोर्टाला अंगठ्याच्या मागे जाऊन हिशेब तपासायला लावला. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे पटलं ते तुम्हाला पटत नाही?

आता आकडे बघा. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा. परवानाधारक सावकाराने बिगरशेती, विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जायचं नाही. २० हजारांवर महिन्याला ३०० रुपये. याने भरले ६ हजार, म्हणजे २० पट. गावात कुणी एवढं घेतलं तर उपनिबंधकाकडे अर्ज जातो आणि घरावर धाड पडते. ॲपने घेतलं की ती ‘फिनटेक’.

आमच्याकडे फवारणीच्या औषधाचा दुकानदार छाटणीपासून उधार देतो आणि माल निघाल्यावर घेतो. तोही काही संत नाही, पण रोजचा टक्का कुणी लावलेला ऐकला नाही. व्यापारी आमचे पैसे बुडवून पळतो तेव्हा आम्ही कुणाच्या खात्याला मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) लावायचं, तेही सांगा.

पंचवटीचा रिक्षावाला
सिम बदला, विषय संपला.

सिडकोची ताई
दादा, आधार, पॅन आणि बँक खातं त्यांच्याकडे आहे. सिम बदलून काय होणार?

टर्नरभाऊ, फेडायचं की बुडवायचं याच्या आधी एक बघा: पैसे नक्की दिले कुणी? ॲप हा नुसता दलाल असतो. २०२२ च्या सप्टेंबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतही तसेच जायला हवेत. सोबत एक पत्रक देतात, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं. तुमच्या हिशेबाने पहिल्याच महिन्यात १६,८०० वर ९,२०० गेले असते. वर्षाला साडेसहाशे टक्क्यांच्या वर. पत्रकात हा आकडा आहे का बघा.

पैसे कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवरून आले असतील तर छदाम देऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि पोलिसांत जा. कंपनी नोंदणीकृत असेल तर मात्र काकांचं अर्धं बरोबर आहे.

दिंडोरीचा बागाईतदार
नोंदणीकृत असेल तर साडेसहाशे टक्के पवित्र होतात का?

सिडकोची ताई
पवित्र नाही, पण तुमचा १८ टक्केवाला कायदा तिथे लागत नाही. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांवरून वाद होता, त्यात २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या ताब्यातल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे असे कायदे लागू नाहीत. आणि रिझर्व्ह बँक त्यांना दराची ठरावीक कमाल मर्यादा घालत नाही. मलाही राग येतो, पण रागावर केस उभी राहत नाही.

नाशिकरोडचे काका
शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून मँडेट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ आहे. चेक न वटल्यासारखाच गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दिंडोरीचा बागाईतदार
घाबरवताय तर पूर्ण सांगा. आधी लेखी नोटीस, मग भरायला १५ दिवस, त्यानंतर केस. नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी आत जात नाही, तो दिवाणी मामला.

अंबडचा टर्नर
रात्रपाळीहून आल्यावर करार उघडला. कंपनीचं नाव अकराव्या पानावर सापडलं. रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे. खरं सांगतो, वाईट वाटलं. फसवं ॲप निघालं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं म्हणजे परवा रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला. आणि काल आमच्या सुपरवायझरलाही.

सिडकोची ताई
सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, हा नियम आहे. दुसऱ्यांपुढे तुमची अब्रू काढायलाही बंदी आहे. ॲपने तुमची फोनबुक चाळायची नाही, मग सुपरवायझरचा नंबर आला कुठून? तारीख-वेळेसकट लिहून तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

पण तक्रार चालू ठेवून मुद्दल आधी मोकळं करा. रोज २०० रुपये चढताहेत. आमच्या बचत गटात महिन्याला शेकडा दोन घेतात. २० हजारांवर ४०० रुपये, आणि मुद्दल फिटेल तसं कमी. तुमच्या मिसेस कुठल्या गटात आहेत का? त्यांना सांगितलंय का हे?

अंबडचा टर्नर
गटात आहे. सांगितलेलं नाही.

पंचवटीचा रिक्षावाला
तिथेच गोची आहे. मीपण नव्हतं सांगितलं. अंगठी सराफ बाजारात गेली तेव्हा बायकोला कळलं, आणि वसुलीवाला परवडला म्हणायची पाळी आली.

नाशिकरोडचे काका
कमी पैशांत सेटलमेंटचा फोन येईल. मोहात पडू नकोस. सिबिलला, म्हणजे कर्जाच्या नोंदवहीत, ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि पुढे घरकर्जाला नडतो. पूर्ण भर आणि ‘क्लोज्ड’ करून घे.

अंबडचा टर्नर
झालं ते सांगतो. रविवारी बायकोला सांगितलं. दोन दिवस अबोला, मग तिनेच गटाच्या मीटिंगमध्ये विषय काढला. मंजूर झाले. या मुदतीचा आज दहावा दिवस, म्हणजे मुद्दल २० हजार आणि व्याज २ हजार. २२ हजार एकदम भरतोय. फोनबद्दलची तक्रारही पाठवली. पण मी काही लागत होतो, हे मला अजून पटलेलं नाही.

नाशिकरोडचे काका
नको पटू दे. कर्ज संपल्याचा दाखला घे, आणि मँडेट बँकेत जाऊन रद्द कर. ॲप काढून टाकल्याने मँडेट जात नाही.

दिंडोरीचा बागाईतदार
काका, शेवटी त्यांची वसुली तुम्हीच करून दिलीत.

नाशिकरोडचे काका
मुद्दल त्यांचंच होतं ना?

दिंडोरीचा बागाईतदार
१६,८०० त्यांचे होते. वरचे ३,२०० कुणाचे?