चिनी शब्द पाठ करायला तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) की स्वतःची कार्डं?
एचएसके ४ (चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी) च्या १२०० शब्दांचा तयार डेक अँकी या उजळणीच्या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये एकदम उतरवून घ्या, या सल्ल्याशी मी अर्धाच सहमत. जुन्या सहा पातळ्यांच्या परीक्षेपुरती ती यादी ठीक आहे. पण बोलायचं असेल तर प्लेको या चिनी शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये वाचताना अडलेला शब्द तिथूनच कार्डात टाका, वाक्यासकट. उच्चाराचा आवाज हवाच. चिनीतले चार सूर (उच्चारातले चढउतार) नुसते बघून पाठ होत नाहीत. पिनयिन (रोमन लिपीत लिहिलेला उच्चार) कार्डाच्या मागच्या बाजूला ढकला, नाहीतर नजर चिनी अक्षराकडे जातच नाही. आणि अँकी मुळात रोज २० नवी कार्डं देतं, ती १० वर आणा. उजळणीचा ढीग बघता बघता उरावर बसतो (दिवाळीनंतर तर विचारूच नका).