अमेरिकी वसाहतींतली गुलामगिरी: पिकाने घडवली की कायद्याने?

खाचर
'ब्रिटिशांच्या १३ अमेरिकी वसाहतींत गुलामगिरी इथूनतिथून सारखीच' हे मला पटत नाही. गुलामाचा दिवस कसा जाणार, हे पीक ठरवायचं.

व्हर्जिनियात तंबाखू. हिवाळा सरताना वाफ्यात रोप, मे महिन्यात लावणी, मग शेंडे खुडा, फुटवे काढा, पानांवरच्या अळ्या हाताने वेचा. ऑगस्टअखेर तोडणी, कोठारात टांगून वाळवणं आणि शेवटी हजारेक पौंडांच्या पिंपात दाबून भरणं. पान फाटलं की भाव पडला. म्हणून मुकादमाच्या नजरेखाली छोट्या टोळ्या, उजाडल्यापासून मावळेपर्यंत.

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर भात. तिथे काम उक्तं, 'टास्क'. खुरपणीचा तुकडा साधारण पाव एकर, म्हणजे १०५ फूट लांब आणि तितकाच रुंद. तो संपला की उरलेला वेळ स्वतःचा: भाजीपाला, कोंबड्या, मासेमारी, थोडीफार विक्रीसुद्धा.

जुनं दप्तर
उक्तं म्हणजे सवलत नव्हे. गुडघाभर चिखल, हिवताप, आणि कापणी-मळणी झाली की उखळ-मुसळाने कांडप. हे कांडप पहाटे आणि अंधार पडल्यावर, दिवसाच्या कामावर वरकड. माणसं त्यातच झिजायची. व्हर्जिनियात १७३० च्या सुमारास गुलामांत जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होऊ लागले होते. कॅरोलिनाच्या भातपट्ट्यात त्याला आणखी काही दशकं लागली. तोवर ही तूट जहाजांतून आणलेल्या नव्या गुलामांनी भरली.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. १६५० मध्येही व्हर्जिनियात तंबाखूच होता, आणि तो मुख्यतः करारावर आलेले इंग्रज नोकर पिकवत होते. पीक तेच, मजूर बदलले. मधे काय झालं? १६५६ मध्ये गुलाम ठरवलेल्या एलिझाबेथ की (Key) या बाईने बाप इंग्रज असल्याच्या आधारावर कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं. १६६२ मध्ये कायदा आला: मूल आईच्या दर्जाचं. १६६७ मध्ये दुसरा: बाप्तिस्मा घेतल्याने सुटका नाही. १७०५ मध्ये हे सगळं एका संहितेत बांधलं. कॅरोलिनात तर १६७० पासून बार्बाडोसचे मळेवाले गुलाम घेऊनच आले, भाताचा जम बसला १६९० च्या दशकात. आधी गुलाम, मग भात.

खाचर
मग जॉर्जिया? तिथे १७३५ मध्ये कायद्यानेच गुलामगिरीला बंदी होती. नदीपलीकडे कॅरोलिनातले भातवाले गब्बर झालेले दिसत होते. १७५१ मध्ये बंदी उठली. पिकापुढे कायदा वाकलाच ना?

जुनं दप्तर
अर्धंच सांगितलंत. बंदीमागे सरहद्दीचीही भीती होती. जॉर्जियाच्या दक्षिणेला लागून असलेला स्पॅनिश फ्लोरिडा पळून आलेल्या गुलामांना आसरा द्यायचा, १७३८ मध्ये सेंट ऑगस्टिनजवळ त्यांची मोसे ही गढीच वसली. १७३९ मध्ये कॅरोलिनातल्या स्टोनो नदीवरचे बंडखोर गुलाम दक्षिणेलाच, फ्लोरिडाकडे निघाले होते. १७४२ मध्ये स्पॅनिश स्वारी परतवली, तेव्हा बंदीचं एक मोठं कारण सैल झालं.

उत्तरवारा
दोघांचं भांडण दक्षिणेतच चाललंय. न्यू यॉर्क शहरात ना भात ना तंबाखू, तरी १७०३ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास घरांत गुलाम होते. घरटी एक-दोन, माळ्यावर किंवा तळघरात झोपायचे. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे. ह्याला कोणी सौम्य म्हणत असेल, तर १७४१ पाहा: कटाच्या संशयावरून १३ कृष्णवर्णीयांना जिवंत जाळलं, १७ जणांना फाशी दिली.

मॅसॅच्युसेट्स अजून निराळं. १६४१ मध्ये गुलामगिरीला कायद्यात जागा देणारी ही पहिली वसाहत, पण तिथे गुलाम मालकावर दावा लावू शकत असे. त्याच वाटेने १७८१ मध्ये एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम बाई राज्याच्या नव्या घटनेच्या आधारावर मुक्त झाली. ऱ्होड आयलंडमध्ये चीज आणि घोड्यांचे मोठे मळे, शिवाय न्यूपोर्टची रम आफ्रिकेला जायची आणि तिच्या बदल्यात माणसं यायची.

खाचर
कायद्याचं वजन मान्य. पण पाव एकराचा तुकडा कुठल्या कायद्यात होता? ती वहिवाट होती. मालकाने तुकडा वाढवला की लोक काम अडवायचे, रानात पळायचे.

जुनं दप्तर
कायद्यात काय होतं, ते सांगतो. स्टोनोनंतरच्या १७४० च्या कॅरोलिना कायद्यात कामाची कमाल मर्यादा होती: उन्हाळ्याच्या सहामाहीत दिवसाला १५ तास, एरवी १४. त्याच कायद्यात गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड होता.