फोर्ड जीपचा ओढायचा लाइट स्विच: दिवे आपोआप जातात आणि परत येतात

वाईकर_४४

नमस्कार मंडळी. आजोबांनी डिस्पोजलमधून (लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीतून) घेतलेली १९४४ ची जीप आमच्याकडे आहे. विलीज नाही, फोर्ड जीपीडब्ल्यू. बोल्टांच्या डोक्यांवर अजून एफ दिसतो. आजोबा गेल्यावर ती बारा वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या दिवाळीत इंजिन सुरू झालं, सहा व्होल्टवरच. आता अडलंय ते दिव्यांपाशी.

मध्ये कधीतरी एका वायरिंगवाल्याने मूळ स्विच काढून डॅशबोर्डवर दोन टॉगल ठोकले होते, आणि वायर वापरली होती घरातल्या पंख्याची. सुदैवाने आजोबांनी मूळ स्विच टाकला नव्हता. फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला मिळाला. डॅशबोर्डपासून मागची सगळी वायर नवी ओढली, स्विच साफ करून बसवला. हेडलाइटच्या वायरी बऱ्या दिसल्या म्हणून त्या तशाच ठेवल्या.

स्विच पहिल्या खाचेपर्यंत ओढला की पुढे-मागे नुसते बारीक ठिपके लागतात. शेजारचं बटण दाबून दुसऱ्या खाचेला नेला की हेडलाइट लागतात, पण पाच-दहा मिनिटांत दोन्ही जातात आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर जास्त. तिसऱ्या खाचेला सगळंच विझतं. मागचा उजवा दिवा रात्री लागतच नाही. स्विच पूर्ण आत असताना ब्रेकलाइटही नाही.

स्विच गेलाय का? परदेशातून नवा मागवता येईल, पण हा आजोबांच्या हाताखालचा आहे. मला हाच ठेवायचाय.

घाटरस्ता

माझं सरळ मत: बारा व्होल्ट करून टाक. सहा व्होल्टचे बल्ब शोधत नाना पेठ पालथी घालावी लागते. बारावर हॅलोजन, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), साधा स्विच, विषय संपला. पंख्याची वायर कुठे उरली असेल तर मात्र आजच्या आज काढ. माझ्या जुन्या गाडीत तशाच वायरने खंबाटकीत धूर काढला होता, बायको-मुलं आत होती.

ईएमई_निवृत्त

वाईकर, थांब. काही मागवू नकोस. तू जे सांगितलंस त्यातलं निम्मं बिघाड नाहीच, गाडी बनलीच तशी.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो. नोकरीत जोंगा (लष्कराची जीपसारखी गाडी) आणि महिंद्राच्या जीपा केल्या. तुझ्यासारख्या लढाईतल्या दोन जीपा निवृत्तीनंतर घरी उभ्या केल्या. त्या स्विचची पहिली खाच ब्लॅकआउटची. रात्रीच्या कॉन्व्हॉयमध्ये वरून विमानाला दिसू नये म्हणून फक्त ठिपके. मागच्या ठिपक्यांवरून पाठीमागच्या ड्रायव्हरला अंतर कळतं: साधारण ६० फुटांच्या आत चार दिसतात, ६० ते १८० फुटांत दोन, त्यापलीकडे एकच. ते बटण कुलूप आहे. अंधारात घाईने हात पडून स्विच पुढे गेला आणि हेडलाइट लागले तर अख्खी रांग उघडी पडेल, म्हणून दाबल्याशिवाय दुसरी खाच मिळत नाही. ते बटण कधी काढू नकोस.

तिसरी खाच दिवसाची. तिथे फक्त ब्रेकलाइट चालतो, बाकी सगळं बंद. स्विच आत ढकलला की ब्रेकलाइटही बंद. म्हणजे दिवसा गाडी बाहेर काढताना स्विच शेवटपर्यंत ओढायचा, ही सवय आजपासूनच लाव.

मागचा उजवा दिवा: डाव्या दिव्यात वरचा भाग नेहमीचा टेल आणि ब्रेक, खालचा ब्लॅकआउट टेल. उजव्यात वर ब्लॅकआउटचा ब्रेक, खाली ब्लॅकआउट टेल. नेहमीचा लाल दिवा उजवीकडे कधी नव्हताच.

आता खरा बिघाड. स्विचच्या पाठीवर ३० अँपिअरचा थर्मल ब्रेकर आहे. तापला की तुटतो, गार झाला की स्वतःच जुळतो. तुझे दिवे तोच घालवतोय आणि तोच आणतोय. ४५ वॅटचे दोन हेडलाइट सहा व्होल्टवर १५ अँपिअर घेतात, बाकीचं धरून १६-१७. एवढ्यावर ब्रेकर पडायला नको. म्हणजे एकतर कुठेतरी वायर बॉडीला लागतेय, नाहीतर ब्रेकरशेजारचा स्क्रू ढिला राहून तिथेच तापतंय. दिवे गेल्या गेल्या स्क्रूंना बोट लावून बघ. हळूच, चटका बसतो.

स्क्रू गार निघाले तर बॅटरीची वायर काढ, ब्रेकर बाजूला कर आणि त्याच्या जागी सहा व्होल्टचा एक हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लाव. मग बॅटरी जोड, स्विच दुसऱ्या खाचेला ने आणि मडगार्डच्या आतल्या जंक्शन ब्लॉकवर (वायरी जोडायच्या पट्टीवर) एकेक फाटा सोडव, एकेक वायर हाताने हलव. टेस्ट बल्ब भपकन पूर्ण उजेडाने पेटला की तिथेच शॉर्ट.

माझा पहिला संशय हेडलाइटच्या बिजागरीवर. विंग नट (हाताने फिरवायची, पंखांची नट) सोडून तो दिवा उलटा इंजिनावर फिरवता येतो, रात्री काम करायला. ऐंशी वर्षांत ती वायर कितीदा वाकली असेल विचार कर.

घाटरस्ता यांचं पंख्याच्या वायरीचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण सहा व्होल्टला दोष देऊ नका. सहावर अर्धा व्होल्ट गळला तरी उजेड पाव हिश्श्याने पडतो, म्हणून लोकांना दिवे मिणमिणते वाटतात. हेडलाइटला ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढ, प्रत्येक दिव्याला रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर वेगळं अर्थिंग दे, आणि दोन सहा व्होल्टचे रिले ग्रिलमागे लपव. रिलेला बॅटरीकडून स्वतःचा फ्यूज हवा, कारण तो भार आता ब्रेकरमधून जाणार नाही. डीपरच्या पायस्विचने फक्त रिले ओढायचे. आजोबांच्या स्विचवरून मग हेडलाइटचा भार जाणार नाही, तुझ्या नातवापर्यंत टिकेल.

वाईकर_४४

काका, सापडलं! डावा हेडलाइट, तुम्ही सांगितली तीच जागा. नट सोडून दिवा उलटा केला तर वायरवरचं सुती वेष्टण बोटभर गळून पडलं. खाली उघडं तांबं, काळंनिळं झालेलं, आणि ब्रॅकेटच्या कडेवर त्याच उंचीला जळल्याची एक खूण. खड्ड्यात गाडी उडाली की ते दोन्ही टेकत होते. टेस्ट बल्ब तिथे वायर हलवताच पेटला.

लहानपणी आजोबा तो दिवा उलटा करून मला कार्बोरेटर दाखवायचे. वायर तेव्हापासूनच झिजत होती.

नवी वायर टाकली, स्लीव्ह घातली, बिजागरीपाशी एक ढिली वळी ठेवली. काल पसरणीच्या घाटात पाऊण तास हेडलाइटवर चालवली, एकदाही गेले नाहीत. रिलेंचं काम या रविवारी. उजव्या मागच्या दिव्याचं काय करू? एकाच लाल दिव्यावर हायवेला जायची हिंमत होत नाही.

ईएमई_निवृत्त

ढिली वळी ठेवलीस, शाबास. तेच बहुतेक जण विसरतात.

एका लाल दिव्यावर रात्री जाऊच नकोस. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती मोटरसायकल वाटते. पण उजव्या दिव्याच्या आतलं काही बदलू नकोस. बंपरेटच्या (मागच्या छोट्या बंपरच्या) ब्रॅकेटला एक छोटा टेल-ब्रेक दिवा क्लॅम्पने लाव, बॉडीला भोक न पाडता. टेल आणि ब्रेकची वायर डाव्या दिव्याच्या कनेक्टरपासून घे, म्हणजे दोन्ही एकाच खाचेला लागतील. बल्ब कमी वॅटचा बघ. आणि दिवसा निघताना तिसरी खाच.