पासवर्डची ताकद दाखवणारी पट्टी कोणत्या निकषावर मोजावी?

प्रश्न – संकेतशिल्पी_सांगली

नमस्कार. तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम मी पाहते. सभासदांना घरबसल्या पुस्तक राखून ठेवता यावे म्हणून ऑनलाइन नोंदणी सुरू होत आहे, आणि पासवर्डच्या रकान्याखाली लाल-पिवळी-हिरवी पट्टी असावी, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह आहे. सध्या मी ब्राउझरमध्ये पाच अटी तपासते: किमान आठ अक्षरे, एक कॅपिटल अक्षर, एक स्मॉल अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह. जितक्या अटी पूर्ण, तितकी घरे पट्टी पुढे सरकते.

चाचणी घेताना असे दिसले की रोमन लिपीत, पहिले अक्षर कॅपिटल ठेवून लिहिलेला ‘शिवाजी@१६३०’ थेट हिरवा होतो. उलट चार असंबद्ध मराठी शब्द जोडून स्मॉल अक्षरांत लिहिलेला तीस अक्षरांचा पासवर्ड दोनच घरांवर अडकतो. देवनागरीत लिहिलेल्या पासवर्डला तर एकच घर मिळते, कारण आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही. मग पट्टीने नेमके काय मोजावे, आणि कमकुवत पासवर्ड अडवावा की केवळ सूचना द्यावी? सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आहे.

उत्तर १ – जुना_प्रोग्रामर

पाच अटींची पट्टी अक्षरांचे प्रकार मोजते. पासवर्ड फोडणारा मात्र प्रकार मोजत बसत नाही, तो आधी फुटलेल्या पासवर्डच्या याद्या, नावे, तारखा आणि ‘शेवटी @ व चार अंक’ यांसारख्या सवयी क्रमाने चालवून पाहतो. २००९ साली ‘रॉकयू’ या कंपनीकडून सुमारे ३.२ कोटी पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात बाहेर पडले. तेव्हापासून लोक कसे विचार करतात याचा कच्चा माल सगळ्यांनाच उपलब्ध आहे. म्हणूनच ‘निस्ट’ या अमेरिकी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कॅपिटल-अंक-चिन्ह अशा अटी घालू नयेत असे सांगितले, आणि २०२५ च्या आवृत्तीत त्यांना स्पष्ट मनाई केली.

अंदाज बांधायला किती प्रयत्न लागतील, हे पट्टीने मोजावे. त्यासाठी ड्रॉपबॉक्सने २०१२ मध्ये खुली केलेली ‘झेडएक्ससीव्हीबीएन’ ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरा (कीबोर्डच्या खालच्या ओळीतली पहिली सहा बटणे डावीकडून वाचली की तिचे नाव होते). ती पासवर्डचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा शब्दयाद्यांत, कीबोर्डवरील शेजारच्या बटणांच्या आकृत्यांत, तारखांत आणि पुनरावृत्तींत शोधते व शेवटी ० ते ४ असा गुणांक देते. हजाराहून कमी अंदाजांत सापडणारा पासवर्ड ०, आणि ४ मिळण्यासाठी किमान १००० कोटी अंदाज लागले पाहिजेत. शब्दयाद्यांमुळे फाइल जड आहे. त्यामुळे पान उघडताच न आणता सभासदाने पासवर्डच्या रकान्यात कर्सर ठेवला की मागवावी. ती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवावी, हेही आवर्जून सांगतो: नोंदणीच्या पानावर बाहेरून आलेली कोणतीही स्क्रिप्ट पासवर्ड वाचू शकते.

ब्राउझरमधली पट्टी सभासदाच्या सोयीपुरती असते. तोच हिशेब सर्व्हरवरही झाला पाहिजे. या लायब्ररीचे पीएचपी रूपांतर उपलब्ध आहे.

उत्तर २ – अक्षरगणक

वरील सल्ला योग्य आहे, पण मराठी सभासदांसाठी तो जसाच्या तसा उचलला तर पट्टी उदारपणे हिरवी होईल. मूळ लायब्ररीतील याद्या इंग्रजी शब्दांच्या, अमेरिकी नावांच्या आणि फुटलेल्या सामान्य पासवर्डच्या आहेत. यादीत न सापडलेल्या तुकड्याला ती प्रत्येक अक्षरामागे दहा अंदाज धरते. आता देवनागरीतला ‘गणपतीबाप्पा’ घ्या: ग, ण, प, त, ईकार, ब, काना, प, हलन्त, प, काना अशी संगणकाच्या लेखी ही अकरा अक्षरे. म्हणजे दहाचा अकरावा घात, १०,००० कोटी अंदाज, गुणांक ४! ज्या राज्यात हा शब्द भाद्रपदात गल्लोगल्ली ऐकू येतो, तिथे त्याला अभेद्य ठरवणारी पट्टी काय कामाची?

यावर उपाय त्या लायब्ररीतच आहे. तिच्या मुख्य फंक्शनला पासवर्डसोबत दुसरा घटक म्हणून शब्दांची यादी देता येते. त्या यादीत वरील शब्द पहिला ठेवा, आणि गुणांक ४ वरून थेट ० वर येतो. यादीतला क्रम महत्त्वाचा आहे, कारण शब्द जितका वर तितके त्याचे अंदाज कमी धरले जातात. सर्वांत वर सभासदाचे नाव, आडनाव, मोबाइल क्रमांक, वाचनालयाचे व गावाचे नाव ठेवावे. त्याखाली दैवते, गडकिल्ले, जिल्हे, प्रचलित नावे आणि घोषणा. रोमन लिपीतली रूपे मात्र हाताने वाढवावी लागतील: ‘लक्ष्मी’ कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच, ‘जय’च्या शेवटी कुणी वाय लावतो, कुणी आय. कंटाळवाणे काम आहे, पण पट्टीचा खरा उपयोग याच यादीत आहे. माझ्या मते पाचशे-हजार नेमके शब्द पुरतात.

उत्तर ३ – बाइटभास्कर

देवनागरी पासवर्ड स्वीकारणार असाल, तर पट्टीच्या मागची बाजूही तपासा. पासवर्ड साठवण्यापूर्वी त्याचे उलटे न फिरवता येणारे रूप (हॅश) बनवणारी पीएचपीमधील बीक्रिप्ट पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून फक्त २४ चिन्हे. त्यापुढे सभासदाने काहीही लिहिले तरी ते मोजले जात नाही, आणि पट्टी मात्र त्या शेपटासह गुण देत राहते. पीएचपी ७.३ पासून उपलब्ध असलेली आर्गॉन२आयडी पद्धत निवडल्यास ही मर्यादा राहत नाही.

दुसरी अडचण खास मराठी आहे. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र एक कीबोर्ड नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून बनवतो, तर दुसरा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एका रूपात आणणे) केले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. सभासद घरच्या संगणकावर नोंदणी करील आणि मोबाइलवरून प्रवेश नाकारला जाईल. हॅश करण्यापूर्वी ही दोन रूपे स्वतःच्या कोडमध्ये एकाच रूपात आणा, आणि तेच रूप पट्टीलाही द्या.

प्रश्नकर्ती – संकेतशिल्पी_सांगली

सर्वांचे आभार. यादीचे काम ग्रंथपालांसोबत बसून करता येईल. मात्र अडवावे की नाही, हा प्रश्न मागे राहिला. आमचे बरेच सभासद ज्येष्ठ नागरिक आहेत. तीनदा नकार मिळाला की ते सरळ फोन करतात.

उत्तर ४ – जुना_प्रोग्रामर

अडवावे, पण कारण सांगून. ‘कमकुवत’ एवढेच लिहिलेली लाल पट्टी पाहून माणूस शेवटी आणखी एक उद्गारचिन्ह लावतो. त्याऐवजी ‘यात आपले आडनाव आहे, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडून पाहा’ असे मराठीत लिहा. लायब्ररी इशारा आणि सूचना इंग्रजीत देते. ती वाक्ये मोजकीच आहेत, एका बैठकीत मराठीत होतील. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात कडक गुण देणाऱ्या पट्ट्यांमुळेच पासवर्ड लक्षणीय सुधारल्याचे आढळले होते, तेव्हा मंडळाने सौम्य पट्टी मागितली तरी ऐकू नका. गुणांक ३ पेक्षा कमी असेल तर नोंदणी पुढे जाऊ देऊ नका. त्याचबरोबर चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, ‘पासवर्ड दाखवा’ हे बटण ठेवा आणि रकान्यात पेस्ट करणे बंद करू नका. रंगाशेजारी शब्दही असू द्या, म्हणजे रंग ओळखता न येणाऱ्यालाही कळेल, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो शब्द टायपिंग थांबल्यावरच मिळेल असे करा. नाहीतर प्रत्येक अक्षरामागे ‘कमकुवत, कमकुवत’ ऐकावे लागते.